लाल चिंधीचा कॅन

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी नाईक होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. उत्तरेतल्या डोंगरात एका मराठी पलटणीला आमची आठ जणांची रिपेअर टीम जोडून दिली होती. जागेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. समोर नाला, मागे कडा, मध्ये पत्र्याची शेड. सकाळी साडेपाचला रोलकॉल, सहाला पीटी, साडेसातला शेडचं कुलूप उघडायचं. संध्याकाळी पाचला टूल्स मोजून पेटीत. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत कोणी जेवायला जायचं नाही.

शेडमध्ये ट्रक यायचे, जीप यायच्या, पण मला ओळखत होते ते सहा मोटारसायकलींसाठी. सगळ्या टू-स्ट्रोक, अडीचशे सीसीच्या. त्या डीआर लोकांच्या. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, कागद पोचवणारा जवान. नकाशे, कोडचे कागद, जे वायरलेसवर बोलायचं नसतं ते सगळं त्याच्या छातीवरच्या पिशवीतून जायचं.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. या इंजिनाच्या पिस्टनला वेगळं तेल मिळत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्याकडे वीस लिटरच्या कॅनला एक लिटर तेल, असा हिशोब होता. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला ओलं ठेवतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. मिसळायचं राहिलं तर पिस्टन कोरडा घासतो, तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. त्याला इंजिन सीज होणं म्हणतात. आमच्या भागातले मिस्त्री म्हणतात, पिस्टननं पकडलं. पिस्टननं पकडलं की मागचं चाकही जागच्या जागी थांबतं. पळत्या गाडीचं चाक असं थांबलं तर पुढे काय होतं, ते तुम्हीच समजा.

आज तलवाड्यात माझं छोटं गॅरेज आहे. हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि याच धंद्यात बसलो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची सध्या हौस आली आहे. बापानं गोठ्यात टाकलेली गाडी पोरं बाहेर काढतात, रंग देतात, फोटो काढतात आणि चौथ्या दिवशी टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात.

परवा एक जण आला. म्हणाला, "काका, दोन कार्बोरेटर बदलले. तरी बी जाम व्हतीय. कावून व्हतंय काय कळंना."

"कार्बोरेटर बदलायला कोणी सांगितलं?"

"फोनवर बघितलं."

"ब्लॉक उघडला का?"

"न्हाई. खर्चाचं काम हाय ना ते."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उघडला. माणूस खोटं बोलेल, पिस्टन बोलत नाही. गाडी परळीकडची असली तर मी आधी एअर फिल्टर बघतो, कारण तिकडच्या वीजकेंद्राची बारीक राख फिल्टर फाटला की आत जाते आणि पिस्टन पॉलिश पेपरनं घासल्यासारखा निस्तेज करडा दिसतो. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची गाडी असली तर ती पळताना जाम झालेलीच नसते. सहा महिने पत्र्याखाली उभी राहून रिंगा गंजून बसलेल्या असतात. तिथे डिझेल ओतून दोन दिवस थांबायचं, हातोडा हातात घ्यायचा नाही. या पोराच्या पिस्टनच्या डोक्याला बोटाएवढं भोक होतं. टायमिंग पुढे गेलेलं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. दोष टायमिंग लावणाऱ्या मिस्त्रीचा. मी सांगितलं आणि त्यानं मिस्त्रीला फोनवर चार शिव्या दिल्या.

पिस्टन कसा जळला हे बघितलं की चूक कोणाची ते कळतं, हे लोकांना चमत्कारासारखं वाटतं. चमत्कार काही नाही. कडेला चार ठिकाणी, चार कोपऱ्यांत असल्यासारखे उभे ओरखडे असले तर गार इंजिन एकदम जोरात पळवलं. चूक चालवणाऱ्याची. डोकं वितळलं, भोक पडलं तर टायमिंग किंवा हवा जास्त. चूक मिस्त्रीची. आणि सगळ्या बाजूंनी ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलं गेलं, रिंगा त्यात गाडल्या गेल्या, खालची बेअरिंग कोरडी आणि निळी पडली, तर तेलच नव्हतं. चूक पेट्रोल भरणाऱ्याची.

एकदा हे मला माझ्या माणसाच्या गाडीवर सांगावं लागलं.

लान्स नाईक बंकट सानप. डीआर. नारायणगडाजवळच्या एका गावचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. पलटणीत बीडचे आम्ही दोघंच, त्यामुळे तो मला दादा म्हणायचा आणि मी त्याला जे तोंडाला येईल ते. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हा स्वतः लहानपणी उसाच्या फडात वाढलेला. गाडी चालवायला शिकला फौजेत. चालवायचा मात्र जन्मापासून चालवत असल्यासारखी. जोरात चालवायचा, हेही खरं. त्यावरून एमटीच्या, म्हणजे गाड्यांच्या विभागाच्या, हवालदारानं त्याला दोनदा झापलं होतं.

मी त्याला म्हणायचो, "बे बंकट, गाडी गरम होऊ दे आधी. पाच मिनिटं."

"दादा, पाच मिन्टं तर पाचच. घड्याळ लावून उभा राहतो."

आणि खरोखर उभा राहायचा. मनगटाकडे बघत, मला दिसेल असा.

तेल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन ओळखायला मी एक खूण केली होती. सगळे कॅन एकाच रंगाचे, एकाच रांगेत. मिश्रणाच्या कॅनच्या मुठीला मी लाल चिंधी बांधायचो. साध्या पेट्रोलच्या कॅनला काही नाही. शेडमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. शिवाय भरताना दोन बोटं पेट्रोलमध्ये बुडवून चोळायची, असा माझाच नियम होता. साधं पेट्रोल बोटांवरून गार होऊन उडून जातं. मिश्रण बुळबुळीत राहतं. हे मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचो.

खंडेनवमी आली. मराठी पलटणीत त्या दिवशी शस्त्रं पुजतात, आणि आम्हा मेकॅनिक लोकांची शस्त्रं म्हणजे पाने, जॅक, गाड्या. सकाळपासून शेड धुतली. टूल्स रॉकेलनं पुसून सतरंजीवर मांडली. गाड्यांना हार घातले. कॅनसुद्धा घासून रांगेत लावले. पंडितजी आले, हळदकुंकू झालं, नारळ फुटला. पूजेत प्रत्येक वस्तूला लाल कापडाची पट्टी बांधायची पद्धत होती. कापडाचा ताका माझ्याकडे होता, कारण चिंध्यांसाठी तोच वापरायचो. पट्ट्या मीच कापल्या. दोन जवानांनी त्या ट्रकच्या आरशांना, जॅकला, मोटारसायकलींच्या हँडलला आणि रांगेतल्या सगळ्या कॅनना बांधल्या. मी समोर हात जोडून उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोर झालं ते सगळं. जेवणात त्या दिवशी शिरा होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सव्वापाचला निरोप घेऊन रनर आला. पुढच्या कंपनीला कोडचे नवे कागद सात वाजेपर्यंत पोचायला हवे होते. अंतर चौतीस किलोमीटर, अर्ध्याहून जास्त चढ. ड्यूटी बंकटची.

पाच चाळीसला मी त्याची टाकी भरली. टाकीत तळाला आधीचं थोडं मिश्रण होतं. उजेड नीट झाला नव्हता, थंडी होती. मी लाल चिंधीचा कॅन उचलला. हातात लोकरीचे मोजे होते. ते काढले नाहीत. बोटं बुडवली नाहीत.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. धूरही निघाला, कारण कार्बोरेटरमध्ये जुनं मिश्रण होतं. बंकट घड्याळ बघत उभा राहिला. पाच मिनिटं पुरी केली.

"दादा, झाली बरं का पाच. नंतर म्हणू नका."

"जा आता. कागद भिजवू नको."

"येताना सोनं आणतो तुमाला."

सोनं म्हणजे आपट्याची पानं. त्या डोंगरात आपटा कुठून असणार. तो हसत गेला. पाच पन्नास झाले होते.

सात वीसला मी सिग्नलच्या तंबूत चहा द्यायला गेलो होतो. सेटवर पुढच्या कंपनीचा आवाज आला.

"डीआर पोचला नाही. ओव्हर."

"पुन्हा सांगा. ओव्हर."

"डीआर अजून पोचला नाही. रस्त्यावर कोणी दिसत नाही. ओव्हर."

सात पंचवीसला सुभेदार साहेबांनी जीप काढायला लावली. ते साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. मला म्हणाले, "टूल्स घे." मी टूल्स घेतली. मला वाटलं होतं, पंक्चर असेल.

अकराव्या किलोमीटरला वळण होतं. रस्त्यावर मागच्या टायरची काळी रेघ होती. मी ती पावलांनी मोजली. नऊ पावलं. मग ती तुटली होती. पुढे दोन हात काही नव्हतं, मग कडेची खडी उडालेली आणि दगडी कठड्याचा तुकडा निघालेला. गाडी खाली नाल्याच्या काठाला अडकली होती. बंकट तिच्याही खाली होता. छातीवरची पिशवी बंद होती, कागद कोरडे होते. सुभेदार साहेबांनी पिशवी काढली, एका जवानाकडे दिली आणि म्हणाले, "जीप घेऊन जा. पोचव." मग खाली बसले आणि बंकटच्या डोळ्यांवर हात फिरवला.

मला काही वाटलं नाही. हे खरं सांगतो. मी गाडीकडे गेलो आणि किक दाबून बघितली. किक दगडासारखी. इंजिन जाम होतं.

दुपारपर्यंत एमटीचा कच्चा रिपोर्ट तयार झाला. त्यात ओळ होती, चालक वेगात होता, इंजिन गार असताना जोरात पळवल्याची शक्यता. दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसणार होती आणि तोवर इंजिन उघडून लेखी द्यायचं काम माझं होतं. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावापुढे त्याचीच चूक लागणार की नाही, ते माझ्या कागदावर ठरणार होतं.

अडीच वाजता मी ब्लॉक खोलायला घेतला. सुभेदार साहेब स्टुलावर बसून होते. ब्लॉक निघेना. लाकडी ठोकळा लावून ठोकावा लागला. त्या वेळात माझ्या मनात काय होतं तेही सांगतो, कारण ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला चार ओरखडे हवे होते. बंकटनं गार गाडी पळवली असं निघावं, असं मला वाटत होतं. त्यानं पाच मिनिटं घड्याळ बघितलेलं मी स्वतः पाहिलं होतं, तरीही.

ब्लॉक सुटला. पिस्टन सगळ्या बाजूंनी फासला होता. रिंगा दिसतच नव्हत्या. खालच्या बेअरिंगला बोट लावलं, तेलाचा थेंब नाही. निळी पडली होती. मी हात पुसले, टाकीचं झाकण उघडलं आणि दोन बोटं आत बुडवली. पेट्रोल बोटांवरून गार होऊन उडून गेलं.

मी कॅनच्या रांगेकडे बघितलं. प्रत्येक मुठीला लाल पट्टी.

सुभेदार साहेबांनीही तिकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. ते उठले आणि म्हणाले, "मी दहा मिनिटांनी येतो." पिस्टन टेबलावर, मी एकटा आणि कोपऱ्यात भंगाराची पेटी. त्या पेटीत चार ओरखड्यांचे जुने पिस्टन दोन-तीन तरी होते, त्याच मापाचे. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी मला वाट दिली की माझी परीक्षा घेतली, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

ते परत आले तेव्हा मी लिहीत होतो.

"काय लिहिलंस?"

"पेट्रोलमध्ये तेल नव्हतं. टाकी मी भरली."

"आणखी?"

"टायरची रेघ नऊ पावलांवर तुटते. म्हणजे त्यानं क्लच दाबला होता. चाक सोडवलं होतं. समोर वळण नसतं तर गाडी उभी राहिली असती."

"तेही लिही. स्पष्ट लिही."

इन्क्वायरी दोन दिवस चालली. पलटणीचे प्रमुख, सीओ साहेबांनी विचारलं, "कॅन कोणी उचलला?" मी म्हणालो, "मी, साहेब." "पट्ट्या कोणी कापल्या?" "मी, साहेब." बंकटच्या नावावरची ती ओळ खोडली गेली. माझ्या बाहीवरच्या दोन्ही पट्ट्या गेल्या, नाईकचा पुन्हा शिपाई झालो. पट्ट्या परत मिळायला पाच वर्षं लागली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. खरं तर कशाचंच वाटत नव्हतं. मी रोज शेड उघडत होतो, टूल्स मोजत होतो, जेवत होतो. कॅनना पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे मारून घेतले.

पलटणीनं घरी पत्र पाठवलं. पत्रात एवढंच होतं की ड्यूटीवर असताना अपघाती मृत्यू. पत्र असंच असतं. पण बंकटला गावी पोचवायला जो हवालदार गेला, तो कच्चा रिपोर्ट ऐकून निघालेला. त्यानं तिथे सांगितलं, गाडी जोरात होती.

मला सुट्टी मिळाली पुढच्या वर्षी. तिथीनं वर्षश्राद्ध दसऱ्यालाच येत होतं. मी बीडहून एसटीनं फाट्यावर उतरलो आणि एका माणसाला सानपांचं घर विचारलं.

"कोणता सानप? फटफटीवाल्याचा बाप?"

"लिंबाजी सानप."

"त्योच. जा सरळ. पोरगं लई जोरात पळवायचं म्हणं. तसंच गेलं."

वर्षभर त्या घरानं हे ऐकलं होतं, ते मला तिथे कळलं.

घर पत्र्याचं. भिंतीला कोयते टेकवलेले, त्यांना आदल्या दिवशीचं कुंकू. ऊसतोडीची टोळी निघायला आठ दिवस होते. अंगणात भाऊबंद बसलेले, पत्रावळ्या मांडायला सुरुवात झाली होती. लिंबाजी सानप उंच, वाळलेला माणूस. मी नाव सांगितलं.

"शेळके म्हणजे तलवाड्याचे का तुमी? बंकट लिव्हायचा तुमच्याबद्दल. दादा दादा करायचा. बसा."

मी बसलो नाही. मला घरात, एकट्याला सांगायचं होतं. मी म्हणालो, "काका, आत चला. बोलायचंय."

"इथंच बोला. समदे घरचेच हायत."

मग मी उभ्या उभ्या बोललो. रिपोर्ट दिल्यासारखा. तेल, पेट्रोल, लाल पट्ट्या, कॅन, मोजे, बोटं. ब्लॉक उघडल्यावर काय दिसलं ते. गाडी त्यानं गरम करून घेतली होती, घड्याळ लावून. चूक त्याची नव्हती, माझी होती. एक म्हातारा पत्रावळी हातात धरून तसाच थांबला होता.

लिंबाजींनी विचारलं, "चाक थांबल्यावर त्यानं काय केलं?"

"क्लच दाबला."

"म्हंजे?"

"चाक मोकळं करायचा तेवढाच उपाय असतो. पापणी लवायच्या आत करावा लागतो. भल्याभल्यांना जमत नाही. त्यानं केला."

"म्हंजे त्यानं बरोबर केलं."

"त्यानं सगळं बरोबर केलं."

ते भाऊबंदांकडे वळले. "ऐकलं का रे? सगळ्यांनी ऐकलं का?" आवाज चढलेला नव्हता. दोघा-तिघांनी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा विचारलं, तेच, आणि सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत थांबले.

बंकटची आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पण मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. ताट तिनंच वाढलं. मी जेवलो. श्राद्धाचं अन्न टाकत नाहीत. काय जेवलो ते आठवत नाही.

निघताना लिंबाजी फाट्यापर्यंत आले. एसटी दिसली तेव्हा ते म्हणाले, "खरं सांगितलंत, लई बरं केलं. माझ्या पोराचं नाव धुऊन दिलं तुमी."

मी हात जोडले.

"आता एक ऐका. परत येऊ नका. तुमचा राग न्हाई मला. पण तुमी दिसला की त्यो कॅन दिसंल. आमच्यानं न्हाई व्हायचं."

"जी," मी म्हणालो. फौजेत हुकूम घेतल्यावर म्हणतात तसं.

त्याला आता तीस वर्षांच्या वर झाली. लिंबाजी गेले, बंकटची आई गेली. मी दोन्ही वेळेला गेलो नाही. पेन्शनीत आल्यावर एकदा नारायणगडाला जायला निघालो होतो, फाट्याआधीच उतरून परतीची गाडी धरली. हुकूम देणारा माणूस राहिला नाही म्हणून हुकूम संपतो, असं मला वाटत नाही.

त्या गावची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. गाडी सोडून चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात. त्यांच्याकडून कळलं की गावकऱ्यांनी वेशीजवळ बंकटच्या नावाचा दगड बसवला आहे. मी प्रत्येकाला एकच विचारतो, नावाआधी लान्स नाईक लिहिलंय ना. लिहिलंय म्हणतात. खाली काय लिहिलंय, हेही विचारतो. ड्यूटी बजावताना, एवढंच आहे म्हणतात.

मी तो दगड पाहिलेला नाही.